अंबाजोगाईच्या वास्तूंची पितळी लटकनं : औंदा कोणती काढायची?

जयंतीकाठचा (धागाकर्ता)

राम राम मंडळी. दिवाळीचे डबे अजून रिकामे व्हायचेत, पण मार्गशीर्ष तोंडावर आलाय आणि कारखान्यातून फोनही येऊन गेला, ‘सर, औंदा डिझाईन कधी देताव?’ म्हणून धागा काढतोय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. आम्ही पाच-सहा जण आहोत. दोन मास्तर, एक औषध दुकानदार, पोस्टातून निवृत्त झालेले एक काका, मी आणि अधूनमधून माझी बायको. दर वर्षी योगेश्वरीच्या मार्गशीर्ष उत्सवाआधी गावातल्या एका जुन्या वास्तूचं पितळी लटकन काढतो. तळहातात मावेल एवढं. मागं वास्तूचं नाव आणि गावाचं नाव, वर हिमरू कापडाच्या कातरणाची फीत. लोक तोरणात लावतात, आकाशकंदिलाखाली लावतात, देव्हाऱ्याच्या कडीला लावतात. एकानं बुलेटच्या हँडलला लावलंय. ना नफा ना तोटा, चार पैसे उरले तर शाळेच्या पोरांना एसटीनं त्याच वास्तूवर नेऊन आणतो, सोबत वडापाव.

पहिल्या वर्षी बाराखांबी, म्हणजे सकलेश्वराचं मंदिर. दुसऱ्या वर्षी हत्तीखाना, म्हणजे दगडी हत्तींची लेणी. पहिल्या वर्षीचा घोटाळा जुन्यांना माहीत आहेच. मी मजकूर मोबाईलवर युनिकोडात लिहून पाठवला, तिकडं त्यांनी तो जुन्या फॉन्टात चिकटवला आणि द ची वेलांटी उडी मारून र वर जाऊन बसली. दोनशे नग आले, दोनशेंवर ‘सकलेश्वर मंदरि’. मी खोकं उघडलं तेव्हा आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, ‘देवाचं नाव तर बरोबर आहे ना, मग विका.’ विकले.

नियम एकच : वास्तू गावातली हवी आणि आज उभी हवी. सुचवा.

---

गोलाईकर

तुमचा नियम मोडतो मालक. लातूरची गंजगोलाई घ्या की! मधी अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल इमारत आन् सोळा रस्ते फुटलेत. वरून बघितलं की आपोआप लटकन तयार. सूर्यावानी दिसंल.

---

जयंतीकाठचा

@गोलाईकर, दिसंल खरं, पण ते तुम्ही लातुरात काढा. आमचं गाव लहान, आमचं पितळ लहान.

---

बिंदुसरेपलीकडचा

बीडकरांचा निषेध नोंदवून घ्या. आमची खजिना विहीर निजामशाहीतल्या सलाबतखानानं बांधलेली. तिच्यातून निघालेल्या भुयारी पाटानं शेतं भिजली.

---

गोलाईकर

विहीर लटकवणार कशी? विहीर म्हंजे भोक. पितळंचं कडं आणा, आत काय नाही, झाली खजिना विहीर. वीस रुपये.

---

ओहायोतली लेक

दादा, मागच्या वर्षीचा हत्ती माझ्या किचनच्या खिडकीत आहे. इथल्या शेजारणीला फार आवडला. ती म्हणाली, अगं हे तर आमच्यासारखंच. इथं गावोगावच्या इतिहास मंडळांचा हाच उद्योग असतो. ख्रिसमस ट्रीवर टांगायला दर वर्षी एक दागिना, त्यावर गावातलं जुनं न्यायालय, रेल्वे स्टेशन, लाकडी पूल, पाण्याची टाकी, काहीही. लोक वर्षाप्रमाणे रांग लावून जपतात आणि एखादं वर्ष हुकलं की जुन्या बाजारात शोधत फिरतात. सगळ्यात गाजलेला व्हाईट हाऊसचा. तिथल्या इतिहास संस्थेनं १९८१ मध्ये सुरू केला, पहिल्या वर्षी उडत्या देवदूताचं वातकुक्कुट (छपरावरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण) होतं. पुढच्या वर्षापासून वॉशिंग्टनपासून एकेक राष्ट्राध्यक्ष क्रमानं घेत आलेत. आलेला पैसा त्या वास्तूच्या संग्रहासाठी वापरतात.

---

रोखठोक अंबेकर

म्हणजे ख्रिसमसचं फॅड मार्गशीर्षात आणलं म्हणा की. आणि प्रश्न असा आहे की बाराखांबीच्या आवारात गवत वाढलंय, तिथं तुमचे हे पैसे लावायचे सोडून पत्र्याचे तुकडे कापत बसलात.

---

मास्तर निवृत्त

रोखठोक, दोन गोष्टी.

फॅड म्हणाल तर महालक्ष्म्यांपुढं आरास कोण मांडतं? माझी आजी गौरीपुढं लाकडी बैलगाडी, मातीचं जातं, कापडाची चिमुकली दुकानं मांडायची. त्या आराशीत एकदा तिनं काड्यापेटीच्या खोक्यांचं आमच्या वाड्याचं दारसुद्धा केलं होतं, कडी-कोयंड्यासकट. गावातली वास्तू लहान करून सणाला मांडणं आपल्याला कुणी परदेशातून येऊन शिकवायची गरज नाही.

दुसरं, गवताचं. संरक्षित स्मारकाला आपल्या हौसेनं हात लावता येत नाही. खुरपं घेऊन गेलात तर आधी रखवालदार विचारील आणि नाही विचारलं तर जास्त वाईट. तिथलं काम राज्य पुरातत्त्व विभागाचं. २०२४ मध्ये त्यांनी तिथं उत्खनन केलं तेव्हा शेजारी आणखी दोन मंदिरांचे पाये निघाले. म्हणजे आपण ज्याला गवत म्हणत होतो त्याखाली काय होतं बघा. कुणी उत्साहानं तिथं फावडं मारलं असतं तर?

---

रोखठोक अंबेकर

पायांचं माहीत होतं. फावड्याचा मुद्दा मान्य. फॅडचा नाही.

---

परळीची सून

मला हत्तीखान्याबद्दल तक्रार करायची आहे, प्रेमाची. तुम्ही हत्ती काढलात, पण गोष्ट मागं छापली नाही. परळीत माझ्या सासूबाई अजून सांगतात : जोगाईचं लग्न आमच्या वैद्यनाथाशी ठरलेलं, वऱ्हाड निघायला उशीर झाला, कोंबडं आरवलं, मुहूर्त टळला आणि अख्खं वऱ्हाड दगडाचं झालं. तेच ते जोगाईचं माहेर. योगेश्वरी कुमारिकाच राहिली. सासूबाई शेवटी माझ्याकडं बघून म्हणतात, ‘अंबेजोगाईच्या माणसांना वेळेचं भान नाही ते तेव्हापासून.’ मी अंबाजोगाईची लेक ना!

---

मोमिनाबादी

हाहा. सासूबाईंना सांगा, पंचवीस किलोमीटरला एवढा उशीर लावणारा रस्ता अजून तसाच आहे.

औंदासाठी माझं मत : छावणी. निजामाच्या काळात गावाचं नाव मोमिनाबाद होतं आणि हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाचा इथं तळ होता. देवळं, लेणी सगळे करतात. त्या काळाचं एखादं बांधकाम घ्या. किंवा मग योगेश्वरी शाळा. स्वामी रामानंद तीर्थ तिथं मुख्याध्यापक होते. १७ सप्टेंबरला झेंडावंदन करायचं आणि ज्या शाळेत तो माणूस वर्गावर उभा राहिला तिचं लटकन करायला काय हरकत आहे?

---

जयंतीकाठचा

शाळा यादीत आहे, मोमिनाबादी. पण ती १७ सप्टेंबरला काढावी असं काका म्हणतात, मार्गशीर्षात नको. छावणीचं म्हणाल तर एकेक इमारत बघायला आम्ही फिरलो. जे उभं आहे ते इतकं बदललंय की चित्र काढायला गेलं की एसीचं खोकं आधी येतं.

---

केतकी अं.

योगेश्वरीचं देऊळच का नाही? तिसरं वर्ष लागलं की. गावात येणारा माणूस आधी तिथं जातो, तांबूल घेतो. कोकणातल्या कितीतरी लोकांची ती कुलदेवता. पुणे-मुंबईकडं तर हातोहात जाईल.

---

रेणुताई

केतकी, मी नको म्हणेन. मागच्या वर्षी मी एका मावशींना हत्ती दिला तर त्यांनी आधी विचारलं, ‘देवाचं आहे का? मग खिळ्याला नाही टांगणार. पडलं, पायाखाली आलं तर?’ बाराखांबीचं लटकन आमच्याकडं सहा महिने देव्हाऱ्यात हळद-कुंकू खात बसलंय. पितळ हिरवं पडलं. मग चिंचेनं घासलं तर वरचं लॅकरही गेलं. आई शिखराला रोज पाणी घालायला लागेल. नको.

---

जयंतीकाठचा

रेणुताईंशी सहमत. तसं आमचं आधीच ठरलं होतं, देवीच्या मंदिराला हात लावायचा नाही.

लॅकरबद्दल : तो फक्त हवेपासून वाचवतो. कुंकू आणि पाणी लागलं की कडेनं सुटतो. चिंच नको, कोरडं मऊ फडकं.

---

अक्षयपट

खोलेश्वर! कुणी म्हणत कसं नाही? यादव राजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर. त्याचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत पडला. रामची बहीण लक्ष्मी, तिनं भावाच्या नावानं नारायणाचं देऊळ बांधलं. १२४० च्या शिलालेखात हे कोरलेलं आहे. आठशे वर्षं होत आली. बहिणीनं भावासाठी देऊळ बांधल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. भाऊबीजेला हे लटकन ओवाळणीच्या ताटात ठेवून बघा.

---

रेणुताई

अक्षय, अंगावर काटा आला. मी त्या देवळासमोरून रोज जाते आणि हे माहीत नव्हतं.

---

परळीची सून

+१. पण भाऊबीज झाली ना आता.

---

जयंतीकाठचा

अक्षयपट, हे पुढच्या भाऊबीजेचं पक्कं. वहीत लिहिलं. दिवाळीचं वेगळं आणि मार्गशीर्षाचं वेगळं असं करायला लागलो तर बायको घराबाहेर काढील, पण लिहिलं.

---

बिदरीवाला, उदगीर

धागा शांतपणे वाचत होतो. पितळ सोडा, बिदरी करा. आमच्या उदगीरहून बीदर जवळ. जस्त आणि थोडं तांबं, वाळूच्या साच्यात ओततात. कानशीनं घासून गुळगुळीत केलं की मोरचुदाचं पाणी लावून तात्पुरतं काळं करतात, म्हणजे कोरलेली रेघ डोळ्याला दिसते. छिन्नीनं नक्षी कोरायची, खाचेत चांदीची तार ठोकायची, परत घासायचं. घासल्यावर सगळं एकाच पांढुरक्या रंगाचं दिसतं, नवख्याला वाटतं बिघडलं. मग बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर कालवून गरम केलेल्या भांड्यावर चोळतात. धातू काळा कुळकुळीत होतो आणि चांदी तशीच्या तशी राहते. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा अकरा वर्षांचा होतो, आजोबांच्या मांडीला टेकून. अजून बघताना श्वास थांबतो.

---

जयंतीकाठचा

दादा, तुमच्या पोस्टनं माझा पण थांबला. पण हातकाम आहे, चांदी आहे, आणि आमचा नग दोनशे रुपयांचा. परवडायचं नाही.

आमची पद्धत सांगतो, कुणी मागं विचारलं होतं. पितळेच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी प्रकाशाला घट्ट होणारा लेप देतात. वर फिल्म ठेवून अतिनील दिव्याखाली धरतात. जिथं उजेड लागला तो लेप टिकतो, बाकीचा धुऊन जातो. मग पत्रा फेरिक क्लोराईडच्या द्रावणात. उघडं पितळ खाल्लं जातं. दोन्ही बाजूंनी खाल्लं की आरपार, एकाच बाजूनं खाल्लं की अर्ध्यात रेघ. अडचण एकच, द्रावण खाली खातं तसं आडवंही खातं. म्हणून पत्र्याच्या जाडीपेक्षा बारीक भोक मागायचं नाही. हत्तीची सोंड पहिल्या नमुन्यात शेवग्याच्या शेंगेसारखी आली ती यामुळंच.

---

मास्तर निवृत्त

औंदा दासोपंत.

कारण सांगतो. योगेश्वरीचा उत्सव मार्गशीर्ष पौर्णिमेला पूर्ण होतो. त्याच दिवशी दत्तजयंती. दासोपंत दत्तभक्त. आपण दोन वर्षं मार्गशीर्षात लटकन काढतो आणि त्या दिवसाशी धागा जुळणारा गावातला माणूस आपल्याला आठवला नाही. नाथांचे समकालीन, १६१५ साली गेले, गीतेवरच्या गीतार्णवाच्या सव्वा लाख ओव्या. रोज ढबू पैशाची शाई संपायची असं म्हणतात. आणि पासोडी! चाळीस फूट लांब, चार फूट रुंद जाड्याभरड्या कापडावर पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांचा वेदान्तविचार, लिहून काढलं. अंबाजोगाईत ती आजही जपलेली आहे. मी चौथीच्या वर्गाला नेलं होतं तर एक पोरगं म्हणालं, ‘सर, यांना वही मिळत नव्हती का?’

---

बिदरीवाला, उदगीर

मास्तर, आणि बीदर विसरलात? वडिलांकडून महसूल थकला म्हणून लहान दासोपंतांना बीदरच्या दरबारात ओलीस ठेवलं होतं. मुदत संपत आली तेव्हा दत्ताजी पाडेवार नावाचा माणूस येऊन पैसे भरून गेला, आणि तो कोण होता ते पुढं कळलं. आमच्याकडं ही गोष्ट बिदरी घासता घासता सांगतात.

---

रोखठोक अंबेकर

पासोडी ही वास्तू नाही. नियम धागाकर्त्याचाच. ‘गावातली वास्तू, आज उभी.’ पासोडी उभी कधीच नव्हती.

---

जयंतीकाठचा

बरोबर पकडलंत. मग वास्तू म्हणजे दासोपंतांचं देवघर. पण गावात दोन आहेत, थोरलं घ्यायचं की धाकटं?

---

मास्तर निवृत्त

याचं उत्तर मी देणार नाही. मला गावात राहायचंय. दोन्हीकडं विचारायला जा, एकाच दिवशी जा, आणि चहा दोन्हीकडं घ्या.

---

अक्षयपट

दोन बाजू आहेत ना पितळेला? पुढं थोरलं, मागं धाकटं.

---

जयंतीकाठचा

पुढं आणि मागं म्हटलं की परत भांडण. पण कल्पना झकास. अडचण अशी की पत्रा आरपार कापला तर दोन्ही बाजूंची बाह्यरेषा एकच राहणार, आणि दोन वास्तूंचा आकार एकसारखा थोडाच असतो? तेव्हा बाहेरून साधी कमान कापू. आतलं चित्र दोन्ही बाजूंनी नुसतं अर्ध्या खोलीचं, रेघांचं. पत्रा जरा जाड घ्यावा लागेल, नाहीतर दोन्हीकडच्या रेघा आत भेटतील आणि भोकं पडतील. कारखानदाराला विचारतो.

आणि पासोडीशिवाय दासोपंत अर्धेच वाटतात. कमानीखाली पितळेची लांब पट्टी लोंबती ठेवली तर? माप शंभरास एक. १२ सेंटीमीटर लांब, १२ मिलिमीटर रुंद.

---

परळीची सून

पितळेची कशाला? पासोडी कापडाची होती ना! तुम्ही वर हिमरूची फीत लावता, ती काढा. जाड्याभरड्या सुती कापडाची पट्टी घ्या, तेवढ्याच मापाची, त्यावर ओळींसारखी काळ्या दोऱ्याची बारीक धावदोऱ्याची शिलाई घाला. तिच्यातच लटकन ओवा. फीत हीच पासोडी.

---

ओहायोतली लेक

वहिनी!!

---

बिदरीवाला, उदगीर

मान गये. बिदरीचं पुढच्या वर्षी बोलू.

---

मास्तर निवृत्त

हे चौथीच्या पोरांना शिवायला द्या. दोनशे पट्ट्या, चाळीस पोरं.

---

रोखठोक अंबेकर

फॅड आहेच. पण मला दोन ठेवा.

---

जयंतीकाठचा

एका आठवड्यानं धागा वर काढतोय.

दोन्ही देवघरांत जाऊन आलो. मास्तर सोबत होते. चहा दोन्हीकडं झाला, एकीकडं वर पोहे झाले. दोघांचीही हरकत नाही. फक्त एका आजोबांनी विचारलं, ‘लिहिणार काय मागं? मागच्या वेळी देवळाचं काय केलं होतं तुम्ही ते मी वाचलंय.’ मी गप्प. मास्तर म्हणाले, आजोबा, या वेळी ‘दासोपंतांची देवघरं, अंबाजोगाई’ एवढंच लिहितोय, एकही ऱ्हस्व वेलांटी नाही, उडी मारणार कोण? आजोबांनी बोटांवर अक्षरं मोजली आणि मग पोहे पुढं केले.

कारखानदार म्हणतो जाड पत्रा चालेल, नगाला तीस रुपये वाढतील. म्हणजे औंदा २३०. मजकूर फॉन्टात न पाठवता चित्र म्हणून पाठवलाय. फिल्म छापण्याआधी काका, मास्तर आणि बायको अशा तिघांनी पाहिली.

---

केतकी अं.

अवांतर : पहिल्या वर्षीचं ‘मंदरि’ कुणाकडं जास्तीचं आहे का? पुण्यातल्या आत्याला तेच हवंय. बरोबर छापलेलं नकोय म्हणते.

---

जयंतीकाठचा

संपले केतकी. एक आहे, आईच्या शेंगांच्या डब्याला बांधलेलं. ते मिळणार नाही.

पट्ट्या शिवायला रविवारी सकाळी दहाला आमच्या ओसरीवर. कापड मी आणतो, सुई-दोरा आपापला आणा. मास्तर, पोरांना घरून खाऊन यायला सांगा, मागच्या वेळी सत्तावीस वडापाव गेले.